डिप्रेशनसाठी आधारगटात जावं का? अनुभव हवेत

कोरी_वही:

नमस्कार मंडळी. बरेच महिने वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. पाल्हाळ झालं तर सांभाळून घ्या.

डिप्रेशनचं निदान होऊन आठ महिने झाले. गोळ्या गेल्या साडेचार महिन्यांपासून चालू आहेत (आधीचे महिने "होईल आपोआप" म्हणत अंगावर काढले). पंधरा दिवसांतून एकदा समुपदेशकांकडे जाते. फरक नक्की आहे. पहाटे चारला टक्क जाग यायची आणि उजाडेपर्यंत छताकडे बघत पडायचे, ते आता आठवड्यातून एखाद्याच दिवशी होतं. कामावर जाते, कामं उरकते.

पण बोलायला कुणी नाही. म्हणजे माणसं आहेत, जीव लावणारी आहेत. आई रोज विचारते, "आज बरं वाटतंय ना?" त्या "ना"मध्ये उत्तर आधीच दिलेलं असतं. "हो" म्हटलं की तिचा चेहरा सैलावतो, म्हणून मी "हो" म्हणते. एका मैत्रिणीला खरं सांगायला गेले तर तिलाच रडू कोसळलं आणि मी तिची समजूत काढत बसले. तेव्हापासून नाद सोडला.

समुपदेशक म्हणतात, एखाद्या आधारगटात जाऊन बघा, हेच भोगलेली माणसं भेटतील. पण मी स्वतःलाच जेमतेम सावरलंय. दहा जणांची दुःखं ऐकून पुन्हा खोलात गेले तर? तिथे बोलावंच लागतं का? प्रत्यक्ष बरं की ऑनलाइन? आणि गट धड आहे की नाही हे बाहेरून ओळखायचं कसं?

एक विनंती. व्यायाम, ध्यान, सकारात्मक विचार हे सगळं ऐकून झालंय. ज्यांनी स्वतः हे काढलंय त्यांनी लिहिलंत तर बरं.

मागच्या_बाकावरून:

तो "ना" वाचून थांबलोच. आमच्याकडे "आज फ्रेश दिसतोयस" होतं.

माझे दोन एपिसोड झाले, मध्ये सहा वर्षांचं अंतर. पहिला एकट्याने काढला, दुसऱ्याच्या वेळी गट होता. आजार दोन्ही वेळा तेवढाच वाईट. पण पहिल्या वेळी मी आजारी आहे हेच मला पटलेलं नव्हतं, आणि ते कुणी पटवलं ते सांगतो.

पहिल्या बैठकीला दाराजवळची खुर्ची पकडली होती, निसटायला सोपं म्हणून. तिसऱ्या नंबरवर एक बाई बोलल्या. म्हणाल्या, "सोमवारी कपडे मशीनला लावले. वाळत घालणं झालं नाही. बुधवारी कुबट वास यायला लागला म्हणून परत लावले. आज शुक्रवार. कपडे मशीनमध्येच आहेत." अख्खी खोली हसली, त्याही हसल्या. मी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. माझ्या घरी तेव्हा नेमकं हेच चालू होतं, आणि मी धरून चाललो होतो की मी मुळातच ऐदी आणि गलिच्छ माणूस आहे. डॉक्टरांनी "हे लक्षण आहे, स्वभाव नाही" असं दोनदा सांगितलं होतं. पटलं नव्हतं. त्या ओल्या कपड्यांनी पटवलं.

आता तुमचे प्रश्न. बोलावं लागत नाही. पाळी आली की "पास" म्हणायचं. मी सलग चार बैठका पास म्हणत होतो, कुणाची भुवई हलली नाही. ऐकून त्रास होईल का? पहिल्या एकदोन वेळा होईल, खोटं कशाला सांगू. त्या संध्याकाळी दुसरं काही ठेवू नका. पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो जडपणा उतरत नसेल आणि असं तीनदा झालं, तर तो गट तुमचा नाही. खुशाल सोडा.

आणि एक बघा, गटात तुमच्यापेक्षा चार पावलं पुढे गेलेलं कुणी आहे का. सगळेच विहिरीत असले तर दोर कोण सोडणार?

वाचते_फक्त:

ओले कपडे +१. माझे आत्ता मशीनमध्ये आहेत. धाग्याची वाचनखूण साठवली.

उलट_सुलट:

रंगाचा बेरंग करतोय, पण दुसरी बाजूही यायला हवी.

मी ज्या गटात होतो तो फोनवरचा मेसेज-ग्रुप होता. साठेक माणसं, चालवणारं कुणी नाही, चोवीस तास उघडा. रात्री दोनला कुणीतरी काहीतरी टाकायचं आणि सकाळपर्यंत शंभर मेसेज. हळूहळू "तुझं काहीच नाही, माझं ऐक" अशी चढाओढ लागली. बरं वाटतंय असं लिहिण्याची चोरी झाली, कारण लिहिलं की सगळे गप्प. मानसशास्त्रज्ञ अमांडा रोज यांनी २००२ साली शाळकरी मुलामुलींवर केलेला एक अभ्यास मागाहून वाचनात आला. मित्रमैत्रिणी मिळून त्याच त्या दुःखाचा काथ्याकूट करत राहिल्या की मैत्री घट्ट असते, पण उदासी आणि चिंताही जास्त दिसते, असं त्यात आढळलं. आमचा ग्रुप अगदी तसाच होता. जवळीक भरपूर आणि सगळे बुडालेले.

त्याच ग्रुपवर एकाने "मी गोळ्या फेकून दिल्या, मोकळा झालो" असं लिहिलं आणि मीही मूर्खासारखा एका दिवसात बंद केल्या. तिसऱ्या दिवसापासून गरगरणं सुरू. डोळे एका बाजूने दुसरीकडे फिरवले की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं व्हायचं. चिडचिड इतकी की चमचा खाली पडला तरी ओरडायचो. डॉक्टर रागावले नाहीत. गोळी पुन्हा सुरू केली आणि पुढे काही महिन्यांनी थोडी थोडी कमी करत बंद केली. तेव्हा काहीही झालं नाही.

त्यामुळे माझी एकच कसोटी आहे. ज्या गटात कुणी दुसऱ्याच्या औषधाबद्दल मत देतं आणि त्याला कुणी अडवत नाही, तिथून चालू पडायचं.

मागच्या_बाकावरून:

उलट सुलट, शंभर टक्के मान्य. आमच्याकडे हा पहिला नियम आहे आणि तो दर बैठकीत वाचून दाखवतात. कंटाळा येतो, पण वाचतात.

रात्रपाळी:

मी मनोविकार विभागात परिचारिका आहे आणि स्वतःही गोळ्या घेते, म्हणून दोन्ही टोप्या घालून लिहिते.

कोरी वही, साडेचार महिन्यांत फरक पडला हे उत्तम. आता बरं वाटतंय म्हणून कंटाळून सोडू नका. बरं वाटायला लागल्यावरही निदान सहा महिने औषध चालू ठेवायला सांगतात, आधी एपिसोड होऊन गेले असतील तर त्याहून जास्त. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासलंय ना? त्यांच्यातल्या बिघाडानेही अशीच मरगळ येते. आणि मधूनच कधी झोपेशिवाय भलताच उत्साह, धडाधड खर्च, विचारांची पळापळ असं झालं असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. बायपोलरमध्ये (उदासी आणि असा अतिउत्साह आलटून पालटून येण्याचा आजार) नुसती नैराश्याची गोळी उलटू शकते.

खचतोय का हे अंदाजाने ठरवू नका. पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली तुमच्या डॉक्टरांनी भरून घेतली असेलच. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७ पैकी. गटात जाण्याआधी एकदा भरा, मग दर महिन्याला. पाचएक गुणांचा फरक म्हणजे खरा फरक, एकदोन गुण तर त्या दिवशीच्या झोपेवरही हलतात. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे ० सोडून काहीही आलं तर पुढच्या बैठकीची वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा तुमच्या भागातल्या हेल्पलाइनला फोन करायचा, आणि घरात कुणाला तरी जवळ बसवून घ्यायचं. हे गटाने पेलायचं ओझं नाही.

बाकी गटांचा उपयोग होतो, ही नुसती भावना नाही. २०११ साली अशा आधारावर झालेल्या संशोधन-चाचण्यांचा एकत्र आढावा निघाला होता. नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत समदुःखींच्या आधाराने नैराश्याची लक्षणं जास्त कमी झालेली दिसली. पण उपचारांच्या जोडीला, त्यांच्या जागी नव्हे.

ऑनलाइन म्हणाल तर ठरलेल्या वेळी सुरू होऊन ठरलेल्या वेळी संपणारा व्हिडिओ-गट चालेल. चोवीस तास उघडा असलेला नको. का ते उलट सुलट यांनी लिहिलंच आहे.

दाराआडचा_नवरा:

मला आजार नाही, बायकोला आहे. ज्यांनी काढलंय त्यांनीच लिहा म्हणालात, तरी तुमच्या आईसाठी लिहितो.

मीही तो "ना" चार वर्षं लावला. घरच्यांसाठीच्या एका गटात गेलो तेव्हा तिथल्या एका आजोबांनी युक्ती सांगितली, की विचारायचंच नाही, आकडा लिहायचा. आमच्या फ्रिजच्या दारावर छोटा पांढरा फळा आहे. ती सकाळी उठली की १ ते १० मधला आकडा लिहिते. पाच असेल तर नेहमीसारखा दिवस. तीन असेल तर फोन, दारावरची बेल, मुलांचा अभ्यास माझ्याकडे. चर्चा नाही. एकदा तिने दोन लिहून शेजारी "पण काल एक होता" असं लिहिलं. ते मी अजून पुसलेलं नाही, फळ्याचा तो कोपरा तसाच ठेवलाय. आकडा आता खाली लिहितो.

आईला सांगून बघा. "हो" म्हणण्यापेक्षा ४ लिहिणं सोपं जातं म्हणे.

खुर्च्या_मांडणारी:

मी एक गट चालवते. तज्ज्ञ नाही, पूर्वी त्याच खुर्चीत बसलेली आहे. रुग्णांनी एकमेकांना धरून बसण्याची ही रीत काही आजची नव्हे. १९३७ साली शिकागोत अब्राहम लो या मनोविकारतज्ज्ञांनी रुग्णालयातून घरी गेलेल्या रुग्णांना एकत्र आणलं, आणि पुढे बैठका रुग्णच चालवू लागले. लो यांची एक गोष्ट आम्ही जशीच्या तशी उचलली आहे. यश मिळो न मिळो, प्रयत्नाची शाबासकी स्वतःच स्वतःला द्यायची. आमच्याकडे प्रत्येकाने आठवड्यातली एक शाबासकी सांगायची असते. "दात घासले" याला टाळ्या पडतात, आणि त्या टाळ्या खोट्या नसतात, कारण त्याला किती जोर लागतो ते वाजवणाऱ्यांना ठाऊक असतं.

गट पारखायचा तर जाण्याआधी चालवणाऱ्याला फोन करून विचारा: कुणी बैठकीतून रडत निघून गेलं तर तुम्ही काय करता? आमचं उत्तर आहे, एक जण मागे जातो आणि रात्री पुन्हा फोन करतो. ज्यांच्याकडे उत्तर तयार नाही त्यांनी यावर कधी विचारच केलेला नाही. "आम्ही बरं करतो" म्हणणारे किंवा काही विकणारे असतील तर तिथेच फोन ठेवा.

बोलणं जमत नसेल तर काम मागा. नाव कुठून आलं ते कळलंच असेल. दीड वर्ष मी फक्त खुर्च्या मांडत होते.

कोरी_वही:

सगळ्यांचे आभार. एकेकाला उत्तर द्यायचं होतं पण तेवढी ताकद नव्हती, आज तीन आठवड्यांनी लिहितेय.

फोन केला. रडणाऱ्याचा प्रश्न विचारला. पलीकडचे गृहस्थ जरा थांबून म्हणाले, "मागच्याच महिन्यात झालं तसं," आणि काय केलं ते सांगितलं. म्हणून गेले. दोन बैठका झाल्या. दोन्ही वेळा पास. पहिल्या रात्री खूप जड वाटलं, दुसऱ्या वेळी तेवढं नाही. पीएचक्यू आधी १३ होता, महिना झाला नाही म्हणून परत भरलेला नाही.

मधल्या सुट्टीत एका मुलाने विचारलं, "तुम्हालापण चारलाच जाग येते का?" मी म्हटलं, चार वाजून दहा मिनिटांनी. तो म्हणाला, माझी चार-वीस. एवढंच बोललो.

आईला फळ्याचं सांगितलं. पहिल्या दिवशी मी ४ लिहिलं, तर तिने खाली स्वतःचा आकडा लिहिला. तोही ४ होता. मी कधी विचारलंच नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी खुर्च्या मांडायला अर्धा तास आधी बोलावलंय. जाईन बहुतेक.