मदत हवी आहे : १९१६ साली मुंबईत मरण पावलेल्या आयरिश नौसैनिकाची ओळख पटवणे

नमस्कार. मी गेली काही वर्षे आयर्लंडमध्ये, कॉर्क काउंटीतील कोव्ह या बंदराच्या गावी राहतो. आमच्या शेजारी ऐंशी ओलांडलेल्या एक आजी राहतात. त्यांच्या आईचा थोरला भाऊ, म्हणजे आजींचा मामा, ब्रिटिश नौदलात स्टोकर होता. बॉयलरच्या भट्टीत फावड्याने कोळसा घालण्याचे काम करणारा हा मनुष्य पहिल्या महायुद्धातून परतला नाही. घरात त्याच्याविषयी ‘तो जटलंडला गेला’, म्हणजे उत्तर समुद्रातील ब्रिटिश-जर्मन आरमारांच्या लढाईत मेला, एवढे एकच वाक्य बोलले जाई. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १९१६च्या ईस्टर उठावानंतर, आणि १९२२ साली स्वतंत्र राज्य झाल्यावर तर विशेषच, ब्रिटिश गणवेशात मेलेल्या माणसांविषयी इथल्या अनेक घरांत मौन पाळले गेले. आजींच्या आईनेही भावाची आठवण बिस्किटांच्या डब्यात, जुन्या बटणांच्या खाली ठेवून दिली होती.

ही आठवण म्हणजे ब्रिटिश सरकारने प्रत्येक मृताच्या वारसाला पाठवलेली कांस्याची वाटोळी चकती. तिच्यावर ब्रिटानिया आणि सिंह असून कडेच्या चौकटीत मृताचे नाव उठवलेले आहे. हुद्दा, जहाज, क्रमांक यांपैकी काहीही त्यावर नाही. मरणात सर्व समान, हा त्यामागचा विचार मला पटतो. मात्र शंभर वर्षांनी शोध घेणाऱ्याची त्यामुळे पंचाईत होते. चकतीसोबत येणाऱ्या छापील पत्रकावर हुद्दा असे, पण ते पत्रक हरवले आहे. पदकेही घरात नाहीत.

युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर हे नाव शोधले तेव्हा एकाच नावाचे दोन स्टोकर निघाले आणि नौदलाच्या नोंदींत दोघांचेही जन्मस्थान क्वीन्सटाउन, कॉर्क असेच आहे. (कोव्हचे नाव १८४९ ते १९२० या काळात क्वीन्सटाउन होते. मुंबई-बॉम्बे आणि खडकी-किर्कीची सवय असलेल्या आपल्याला हे नवीन नाही.) पहिला मनुष्य ३१ मे १९१६ रोजी जटलंडच्या लढाईत ‘इन्डिफॅटिगेबल’ या युद्धनौकेबरोबर बुडाला, तिच्यावरील १,०१७ जण मेले आणि केवळ दोघे वाचले. दुसरा त्याच उन्हाळ्यात मुंबईच्या रुग्णालयात विषमज्वराने गेला आणि त्याचे नाव पुण्याजवळच्या खडकीतील स्मारकावर आहे. दोन्ही नोंदींत आईवडिलांचे नाव असायला हवे ती जागा कोरी आहे. तो तपशील वारसांनी अर्ज भरून परत पाठवला तरच नोंदला जात असे, आणि आयरिश घरांतून असे अर्ज का परत गेले नसतील याचा अंदाज करता येतो.

‘आयर्लंड्ज मेमोरिअल रेकॉर्ड्स’ हे १९२३ साली निघालेले आठ खंडांचे पुस्तकही मी पाहिले. त्यात ४९,०००हून अधिक नावे आहेत, परंतु त्याचा भर लष्करी पलटणींवर आहे. आयरिश पलटणींत लढलेले इंग्रज त्यात आले आणि आयरिश नौसैनिक मात्र मोठ्या संख्येने सुटले. आमचे दोघेही त्यात नाहीत.

आता घरच्या बाजूची कागदपत्रे. १९२२च्या यादवीत डब्लिनच्या फोर कोर्ट्समधील अभिलेखागार जळाले, त्यामुळे आयरिश वंशावळीचे काम अशक्य आहे असे अनेक जण समजतात. प्रत्यक्षात १९०१ आणि १९११च्या जनगणनेचे मूळ अर्ज शाबूत आहेत आणि ते कोणालाही विनामूल्य पाहता येतात. १८६४पासूनची नागरी जन्मनोंदही तशीच उपलब्ध आहे. १९०१च्या अर्जात आजींचे मामा दहा वर्षांचे आहेत, त्यांच्यावर एक मोठी बहीण आहे आणि आजींची आई तान्ही आहे. १९११च्या अर्जात मामा घरी नाहीत. पण त्या वर्षी विवाहित स्त्रियांना एकूण किती मुले झाली आणि किती हयात आहेत असे विचारले गेले होते, आणि मामांच्या आईने तिथे नऊ व सहा असे आकडे लिहिले आहेत. सहापैकी पाच मुले घरातच मोजता येतात, म्हणून सहावा समुद्रावर असावा असे मी धरतो. मात्र ही मोठी बहीण त्या पाचांत आहे, की सहावी तीच, याविषयी मला थोडी शंका आहे, कारण नावाचे स्पेलिंग बदललेले आहे. मामांची आई १९१४च्या आधी वारली.

नौदलाच्या बाजूने पाहता लंडनजवळच्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात एडीएम १८८ या मालिकेत प्रत्येक खलाशाचे सेवापत्रक आहे. मुंबईत मेलेल्या माणसाच्या क्रमांकाआधी ‘के’ हे अक्षर आहे, म्हणजे तो १९०८नंतर स्टोकर म्हणून भरती झाला. उंची पाच फूट साडेचार इंच, डोळे करडे, डाव्या हातावर नांगराचे गोंदण, वर्तणुकीच्या रकान्यात दरवर्षी ‘व्हीजी’ म्हणजे अतिशय चांगली, आणि शेवटच्या ओळीत तांबड्या शाईने ‘डीडी’, म्हणजे मृत्यूमुळे सेवेतून कमी. जहाजांच्या यादीत ‘व्हिव्हिड’ हे नाव तीनदा येते. ते जहाज आहे असे समजून मी आठवडाभर शोधत बसलो. नंतर कळले की ती डेव्हनपोर्टची किनाऱ्यावरची बराक होती. एवढे सगळे असलेल्या या पत्रकात आईवडिलांचे नाव मात्र कुठेच नाही, आणि खरी अडचण तीच आहे.

नौदलाच्या युद्धकबरींच्या नोंदवहीत, म्हणजे एडीएम २४२ या मालिकेत, जवळच्या नातलगाचे नाव असते. जटलंडच्या माणसासमोर त्याच्या आईचे नाव आहे. ते आजींच्या आजीचे नाव नाही, शिवाय ती तेव्हा हयातही नव्हती. मुंबईच्या माणसासमोर बहिणीचे नाव आहे आणि ते १९०१मधील मोठ्या बहिणीशी जुळते. पण पत्ता लिव्हरपूलचा आहे, आणि आजींनी अशा मावशीविषयी कधीच ऐकलेले नाही. त्यात जन्मतारीखही जुळत नाही. सेवापत्रकावरील तारखेपेक्षा नागरी नोंदीतील तारीख दोन वर्षे सहा दिवसांनी पुढची आहे.

जाणकारांकडून मला पुढील गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. मुंबईत मेलेल्या माणसाचे नाव खडकीला का, आणि तेही कबरीवर न असता स्मारकावर का? मुंबईच्या दफननोंदी ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या एन/३ मालिकेत असतात असे वाचले. हा मनुष्य कॅथॉलिक होता, तर त्याची नोंद तिथे सापडेल का, की मुंबईच्या चर्चकडे विचारावे? आणि जन्मतारखेतील एवढा फरक तुमच्या अनुभवात बसतो का? कुटुंबाच्या इच्छेनुसार नाव जाहीर लिहीत नाही. मदत करू शकणाऱ्यांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) करीन.

प्रतिसाद

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देऊ शकतो, कारण मी खडकीच्या त्या दफनभूमीपासून दहा मिनिटांवर राहतो. तिथल्या रांगेने लावलेल्या कबरी दुसऱ्या महायुद्धातील आहेत. १९१४-१८चे स्मारक वेगळे आहे आणि त्यावर भारतात मेलेल्या १,८००हून अधिक जणांची नावे आहेत. हे लोक ठिकठिकाणच्या छावण्यांतील आणि गावांतील दफनभूमींत पुरले गेले होते व पुढे त्या कबरींची निगा राखणे शक्य राहिले नाही. त्यांपैकी ६२९ जणांचे अवशेष मुंबईच्या शिवडी दफनभूमीतून १९६२ साली खडकीला आणून पुन्हा पुरण्यात आले. तुमचा स्टोकर बहुधा त्यांतला असावा. तसे असेल तर तो खरोखर खडकीच्याच मातीत आहे, केवळ नावापुरता नाही, आणि हे आजींना सांगण्यासारखे आहे.

व्यनिने नाव पाठवा, रविवारी जाऊन फोटो काढतो. सकाळच्या तिरप्या उन्हात कोरलेली अक्षरे नीट उठतात. आयरिश आडनावे तिथे आढळतील याचे मला नवल वाटत नाही. रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्स या आयरिश रेजिमेंटची दुसरी पलटण ही मुळात आपली बॉम्बे फ्युझिलिअर्स.

प्रतिसाद

जन्मतारखेविषयी. दोन वर्षे आणि सहा दिवस हे दोन वेगळे प्रश्न आहेत, ते एकत्र सोडवू नका. स्टोकर होण्यासाठी वय अठरा लागे आणि भरती करणारा दाखला मागेलच असे नव्हते. तेव्हा सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने वर्ष मागे ढकलणे हे नित्याचे होते. खोटे बोलणारा मुलगा वर्ष बदलतो, वाढदिवस बदलत नाही, कारण तो त्याला पाठ असतो.

सहा दिवसांचा दोष बहुधा नौदलाच्या पत्रकाचा नसून नागरी नोंदीचा असेल. जन्म ठरलेल्या मुदतीत नोंदवला नाही तर दंड होई, म्हणून उशिरा गेलेले आईबाप जन्मतारीखच पुढे सरकवत. अशा वेळी बाप्तिस्मा जन्माच्या आधी झालेला दिसतो! नोंद प्रत्यक्ष कोणत्या दिवशी केली तो रकाना पाहा आणि बाप्तिस्म्याची नोंदवही तपासा. राष्ट्रीय ग्रंथालयाने संकेतस्थळावर ठेवलेल्या कॅथॉलिक नोंदवह्या साधारण १८८०पर्यंतच्याच आहेत, त्यामुळे तुम्हाला गावच्या चर्चमध्येच विचारावे लागेल. नावे लॅटिनमध्ये असतील. जेम्स असेल तर ‘जेकोबस’ शोधा. आडनावाआधीचे ‘ओ’ धरूनही पाहा आणि गाळूनही पाहा.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. काल चर्चच्या कार्यालयात नोंदवही पाहायला मिळाली. नागरी नोंदीप्रमाणे मुलाचा जन्म ज्या दिवशी झाला, त्याच्या पाच दिवस आधीच त्याचा बाप्तिस्मा झालेला आहे, आणि समासात पाद्रीबुवांनी आदल्या दिवसाची जन्मतारीख लिहिली आहे. सेवापत्रकावर तोच दिवस आणि तोच महिना आहे. नागरी नोंद मुदत संपायच्या एक दिवस आधी केलेली निघाली. अर्थात ती सरकवलेल्या तारखेवरून मोजलेली मुदत.

जटलंडचा माणूस आता यादीतून गेला असे मी समजतो. लिव्हरपूलच्या मावशीचा धागा अजून जुळायचा आहे. इंग्लंडची १९२१ची जनगणना खुली झालेली आहे, त्यामुळे त्या पत्त्यावर कोण राहत होते ते पाहता येईल. तिचे जन्मस्थान तिथे कॉर्क असे निघाले तर काम झाले. खडकीच्या फोटोसाठी व्यनि केला आहे. आजींनी विचारले आहे की नावाच्या वरच्या आणि खालच्या ओळीही दिसतील असा फोटो मिळेल का, कारण त्याच्या शेजारी कोण आहेत हे त्यांना पाहायचे आहे.