अनुभव धागा : सतत प्रवास करणाऱ्यांनो, तुमची हलकी बॅग कुठली?

गोदाकाठची
परवा ओझर विमानतळावर दिल्लीच्या रांगेत माझ्यापुढे एक काका होते. काउंटरवरच्या मुलीने ट्रॉली काट्यावर ठेवायला सांगितली. साडेआठ किलो. काका काही बोलले नाहीत. बॅग तिथेच आडवी केली, दोन स्वेटर एकावर एक चढवले, वर जाकीट, जाकिटाच्या खिशांत चार्जर, औषधांचा डबा आणि चक्क स्लीपर. परत काटा. सहा किलो नऊशे. बाहेर मे महिना! मुलीने निमूटपणे टॅग लावला, काका घाम पुसत पुढे.

मला आमची सिन्नरची आत्या आठवली. पंधरा-पंधरा दिवस राहायला यायची आणि हातात फक्त प्लॅस्टिकच्या वायरची विणलेली पिशवी. तिच्यात दोन पातळं, पोथी, चष्मा आणि आम्हा पोरांसाठी शेवेचा पुडा. "लागलं तर वहिनीचं नेसेन की," म्हणायची. वहिनीला, म्हणजे माझ्या आईला, काय वाटायचं तो वेगळा धागा होईल.

मुद्द्यावर येते. माझं काम फिरतीचं, हैदराबाद, बंगळूर, दिल्ली. देशांतर्गत इकॉनॉमीत हातातलं सामान सात किलो आणि त्या सात किलोंत बॅग स्वतः धरलेली असते, हे दुकानात कोणी सांगत नाही. माझी जुनी कडक ट्रॉली रिकामीच तीन किलो शंभर भरली. म्हणजे जवळजवळ निम्मं तिकीट बॅगेचंच. आता मी पर्समध्ये हुकाचा वजनकाटा घेऊनच दुकानात जाते. कॉलेज रोडच्या दुकानदाराने माझ्याकडे असं पाहिलं जणू मी त्याच्याकडे वांगी घ्यायला आलेय. पण त्याच काट्यावर एक मऊ कापडी, दोन चाकांची मिळाली, दोन किलोच्या आत. रंग भयाण आहे. चालतंय.

तुम्ही काय वापरता? किती टिकली? जाहिराती नकोत, अनुभव लिहा.

पासवाला
ट्रॉली? पंचवटी एक्सप्रेसमध्ये? हाहाहा

सकाळी नाशिकरोडला गाडी लागली की ज्याच्या हातात ट्रॉली तो सगळ्यात शेवटी चढतो, हा नियम आहे. एकदा एक नवीन साहेब चार चाकांची चकचकीत बॅग घेऊन आले, पॅसेजमध्ये उभी केली आणि पेपर वाचत बसले. कसारा घाट सुरू झाला. सदतिसात एकचा उतार आहे तो, चढताना मागून ढकलणारी बँकर इंजिनं उगाच लावत नाहीत. बॅग निघाली मुंबईला. साहेब इथे, बॅग पार दरवाजापाशी, आणि पत्ते खेळणारे आमचे लोक पाय वर घेऊन तिला वाट करून देतायत.

पाठीवरची सॅक घ्या. विषय संपला. बाकी गाडी हल्ली वेळेवर येतेय का कोणाला?

गोदाकाठची
पासवाला, साहेबांना कोणी उठवलं नाही?

पासवाला
उठवलं ना. डाव संपल्यावर.

गोंदेफाटा
नाशिककरांनी हलकी बॅग कुठली म्हणून विचारावं! सॅमसोनाइटचा कारखाना आपल्या गोंद्याला, व्हीआयपीचे सातपूरला आणि सिन्नरला. या धंद्यावर जिल्ह्यातली किती घरं चालतात. मी स्वतः अंबडला एका पुरवठादाराकडे आहे, प्लॅस्टिकचे भाग करतो, त्यामुळे थोडं मोठं लिहितोय, कंटाळा आला तर पुढे जा.

कडक बॅग तीन प्रकारची. एबीएस स्वस्त, चमक चांगली, पण कोपऱ्यावर आपटली की तडकते. पॉलिकार्बोनेट दबतं आणि परत वर येतं. तिसरं पॉलीप्रोपिलीन, ज्याला आमच्याकडे नुसतं पीपी म्हणतात. वजनाला तिघांत हेच कमी, घनता ०.९, म्हणजे पाण्यावर तरंगतं. पॉलिकार्बोनेट १.२ च्या आसपास. मग पॉलिकार्बोनेटची बॅग जड हवी ना? तसं नाही. ते चिवट असल्यामुळे पत्रा पातळ काढता येतो. म्हणून लेबल वाचून वजन ठरवू नका. ताईंचा काटाच बरोबर.

आणि वजन नुसत्या कवचात नसतं हो. दांड्याच्या नळ्या, चाकांचे कप, आतलं अस्तर, ते कप्पे, विभाजक, सगळं मिळून भरतं. आत सात-आठ कप्पे बघून बायका खूश होतात (आमचीही होते), पण प्रत्येक कप्पा म्हणजे कापड आणि चेन.

दुकानात एवढंच करा. दांडा पूर्ण वर ओढून डावी-उजवीकडे हलवा. खुळखुळला तर सोडा. मग बॅगेत दुकानातल्याच दोन-तीन छोट्या बॅगा भरा आणि फरशीच्या सांध्यावरून ओढा. रिकामी बॅग कुठलीही छान पळते. कारखान्यात आम्ही भरलेली बॅग ड्रममध्ये घालून गरागरा फिरवतो, दांड्याला झटके देतो, चाकं उंचवट्याच्या पट्ट्यावर चालवतो. तुम्हाला निदान एक फरशी तरी मिळेल.

चारचाकीप्रेमी
गोंदेफाटा, माहितीबद्दल धन्यवाद. पण चार चाकांना उगाच नावं ठेवताय लोक. विमानतळावर एका बोटाने चालते. माझी कंबर दुखते, मला दोन चाकांची तिरकी ओढणं जमत नाही.

गोंदेफाटा
कंबर असेल तर चारच घ्या. फक्त माप चाकांसकट मोजतात हे धरा. इंडिगोचं ५५ × ३५ × २५ सेंमी, एअर इंडियाचं ५५ × ४० × २०. बेरीज दोघांची ११५ च. चार चाकं बाहेर डोकावतात, तेवढी उंची आतून जाते. दोन चाकं अर्धी पोटात असतात.

मालेगाव_धुळे_जळगाव
औषध कंपनीचा एमआर आहे. विमानबिमान कंपनी आम्हाला देत नाही भो, लाल डबा जिंदाबाद. आपली साधी डफल, एक किलोपेक्षा कमी, सीटखाली दाबली की बसते. डिकीत टाकायची नाही कधी. डिकीत टाकली की तुम्ही धुळ्याला उतरता आणि बॅग बिचारी कोणाच्या तरी कोथिंबिरीच्या गोणीखाली.

रंगावरून भांडणाऱ्यांसाठी : कुठलाही घ्या, मालेगावनंतर एकच होतो.

सुगरण६१
मुलगी दिल्लीला असते. मला एवढंच सांगा की सात किलोत चिवडा किती जाईल. आणि साजूक तुपाची बरणी हातातल्या बॅगेत चालते का? मागच्या वेळी ओटीतल्या खोबऱ्याच्या वाट्या काढून घेतल्या, मी तिथे वाद घातला होता.

गोदाकाठची
काकू, चिवडा हवा तेवढा, फक्त फुगतो फार. तूप चेक-इनच्या बॅगेत टाका, झाकणाला टेप लावून, दोन पिशव्यांत. सुकं खोबरं मात्र कुठेच नको. त्यात तेल असतं, आपोआप तापून पेट घेऊ शकतं म्हणून ते धोकादायक मालाच्या यादीत आहे. त्यांचा नाइलाज असतो.

सुगरण६१
आम्ही वर्षानुवर्षं डब्यात ठेवतो, कधी पेटलं नाही. बरं, नाही नेत.

दर_रविवारी_पुणे
आई गं, काकूंमुळे आठवलं. माझा अनुभव उलटा आहे. पुण्याहून येताना बॅगेत फक्त धुवायचे कपडे आणि लॅपटॉप. पाच किलो असेल-नसेल. रविवारी संध्याकाळी निघताना तीच बॅग उचलत नाही. लोणचं, मेतकूट, डाळीची पिशवी ("तिकडे चांगली मिळत नाही", पुण्यात!), आणि तळाशी कुठेतरी गुळाची ढेप, जी मला नारायणगावला पाय लागल्यावर कळते. मी ४० लिटरची सूटकेससारखी पूर्ण उघडणारी सॅक घेतली, फार छान, सव्वा किलोची, पावसाचं कव्हर आहे. पण सॅकचं वजन विचारून काय करू. आई आहे तोपर्यंत बॅग हलकी होणार नाही.

पासवाला
मेतकूट कोणाकडे जास्त झालं असेल तर आमच्या डब्यात स्वागत आहे.

आडगाव_नाका
मी फारसा लिहीत नाही इथे. बाबांच्या केमोसाठी परळला जा-ये चालू आहे, पहाटे निघायचं, रात्री परत. सुरुवातीला घरातली ट्रॉली नेली. जिना आला की एका हातात ट्रॉली, दुसऱ्या हातात फाइल, आणि बाबा एकटे कठड्याला धरून. पहिल्याच दिवशी ती बंद केली. आता पाठीवर छोटी सॅक. फाइल सॅकच्या पाठीकडच्या कप्प्यात, घडी न पडता. थर्मास बाहेरच्या जाळीत. एक पातळ चादर, कारण तिथे एसी असतो. उलटीच्या पिशव्या वरच्या कप्प्यात, शोधाव्या लागू नयेत अशा. दोन्ही हात मोकळे. वजन किती ते मोजलं नाही. बाकीच्या चर्चेतलं मला फार कळत नाही, पण कोणाला अशा प्रवासाला लागणार असेल तर चाकांची बॅग नेऊ नका.

गोदाकाठची
काळजी घ्या. बाबांना लवकर आराम पडो. त्या बाजूला एखादा दिवस राहायची वेळ आली तर कळवा, माझी बहीण दादरला आहे.

सुगरण६१
बाबांना सांभाळ रे बाळा. तूही वेळेवर खात जा. डबा लागला तर सांग, मी आडगाव नाक्याजवळच राहते.

आडगाव_नाका
धन्यवाद काकू. ताई, तुम्हालाही. सांगतो.

बेंगळूरूचा_नाशिककर
एक महत्त्वाचं कोणी लिहिलं नाही. छोटं एटीआर विमान असलं की वरचे कप्पे लहान असतात, ट्रॉली शिडीपाशीच काढून घेतात आणि खाली टाकतात. त्या वेळी पॉवरबँक आत राहिली तर पंचाईत, ती पोटातल्या सामानात चालत नाही. मी आता पॉवरबँक, औषधं आणि घराची किल्ली एका चपट्या पाऊचमध्ये ठेवतो. बॅग घेतली की पाऊच बाहेर, पाच सेकंद. मागे एका बाईंनी शिडीपाशी अख्खी बॅग उघडली होती, वाऱ्याने कपडे धावपट्टीच्या दिशेने निघाले. आम्ही दोघं-तिघं धावलो.

आणि गोदाकाठची, लॅपटॉपची बॅग वेगळी चालते ना? इंडिगोत तीन किलोपर्यंत.

गोदाकाठची
चालते. मी तेच करते. पण मग खांद्याला ती, हातात ही, तोंडात बोर्डिंग पास.

इतिहासाचार्य
उभी ओढायची, वर सरकणाऱ्या दांड्याची ही जी दोन चाकांची बॅग आहे ना, ती एका अमेरिकन वैमानिकाने केली, १९८७ च्या सुमारास, रॉबर्ट प्लाथ नावाच्या. त्याआधी १९७२ मध्ये बर्नार्ड सॅडो यांना चाकांच्या सूटकेसचं पेटंट मिळालं होतं, पण ती आडवी, पट्ट्याने ओढायची. कुत्रं फिरवल्यासारखी.

मालेगाव_धुळे_जळगाव
नाशिकरोडच्या हमालांनी त्या वैमानिकाच्या नावाने बोटं मोडली असतील.

चारचाकीप्रेमी
इतिहासाचार्य, चार चाकं कोणी लावली ते पण सांगा, मला त्यांचा फोटो लावायचाय.

मदत हवी आहे. माझ्या बॅगेचं एक चाक पुण्याच्या फुटपाथवर गेलं. कंपनीच्या केंद्रात विचारलं तर म्हणे हे मॉडेल बंद झालं, नवीन घ्या. बॅग धडधाकट आहे हो. नाशिकमध्ये कोणी चाक बसवून देतं का?

पासवाला
शालिमारकडे बॅगवाले बसतात, तिकडे विचारा. जुन्या बॅगांची चाकं काढून ठेवलेली असतात. जाताना चांगलं असलेलं चाकसुद्धा दाखवा, नाहीतर तीन एका उंचीची आणि एक वेगळंच लावून देईल आणि बॅग मग फक्त गोल फिरेल.

गोंदेफाटा
आधी चाक स्क्रूने बसवलंय की रिव्हेटने ते बघा. अस्तराला आतून चेन असेल तर ती उघडा, दिसेल. स्क्रू असतील तर घरीच होतं. रिव्हेट असेल तर ड्रिल करून काढावं लागतं, मोच्याकडेही होईल.

चारचाकीप्रेमी
चेन आहे! स्क्रू आहेत! देव भलं करो.

दर_रविवारी_पुणे
गोंदेफाटा, एक विचारू? ते सेकंडचे पीस असतात ना, किरकोळ ओरखडा असलेले, ते बाहेरच्यांना मिळतात का कुठे?

गोंदेफाटा
इथे नको. व्यनि करतो.

मालेगाव_धुळे_जळगाव
मलाही व्यनि.

सुगरण६१
व्यनि म्हणजे काय? मलाही करा.

पासवाला
+१