भिंतीवरच्या टीव्हीच्या वायरी तुम्ही कुठं दडवल्या?

टीव्ही भिंतीला चढला की पाहुण्याला आधी दिसतं ते खालचं लोंबतं जंजाळ: पॉवरची, एचडीएमआयची, साउंडबारची, वायफायच्या डब्याची. आपल्याकडं वरून इन्व्हर्टरची वेगळी लाईन, उंदीर आणि अवकाळीतल्या विजा. कुणी काय केलंय ते सांगा, खर्च नाही सांगितला तरी चालेल पण भिंत कसली आहे ते सांगा. माझं म्हणाल तर संभाजीनगर, सिडकोतलं भाड्याचं घर, मालक नवीन भोक पाडू देत नाहीत, म्हणून चिकटवायची केसिंग पट्टी आणली आणि भिंतीच्या रंगानंच रंगवून टाकली. ऑइलपेंटवर घट्ट बसते, पण डिस्टेंपरवर लावली की उन्हाळ्यात रंगाच्या पोपड्यासकट खाली येते.

लातूर
नवं बांधकाम, विटांची भिंत. प्लास्टरच्या आधीच टीव्हीमागून खाली बॉक्सपर्यंत पाईप टाकून घेतला. वायरमन 25 एमएमचा टाकायलेला, मी अडून बसलो की 40 चाच पाहिजे, कारण एचडीएमआयची वायर बारीक असली तरी तिचं डोकं 20 एमएमच्या आसपास रुंद असतं आणि वळणावर तेच अडकतं. एल्बो नाही, लांब बेंडच. आत नायलॉनची दोरी सोडून ठेवलीय, उद्या दुसरी वायर ओढायला. टीव्हीसोबत येते ती पॉवरची कॉर्ड मात्र भिंतीत गाडायची नसते बरं का, तिच्यासाठी टीव्हीमागंच वेगळा सॉकेट घ्या, त्याची वायरिंग वेगळ्या पाईपातून. सॉकेटची जागा पण बघून, चपट्या स्टँडवर टीव्ही आणि भिंतीत दोन-तीन सेंटीमीटरच फट राहते, थ्रीपिनचं डोकं मावत नाही. टीव्ही वरच्या अंगाला पातळ असतो, तिकडं घ्या.

औसा तालुका
93 च्या भूकंपानंतर मिळालेलं घर. भिंतीला झिरी मारायचं नाव काढलं तरी आई उठून बाहेर जाते. पट्टीच लावली.

नांदेड
लातूरकरांचं बरोबर आहे पण एक राहिलं. मे-जूनला वीज कडाडायला लागली की नुसतं बटन बंद करून भागत नाही, पिनच उपसावी लागते, आणि डिश असेल तर तिची वायर पण. आता पिन टीव्हीच्या पाठीमागं आणि टीव्ही भिंतीला चिकटलेला, वर ढग गडगडायलेत, हात कुठून घालणार? शेजाऱ्यांचं असंच देखणं काम आहे, वायर म्हणून दिसत नाही, आणि पावसाचं वारं सुटलं की दोघं नवरा-बायको टीव्ही उचलायला पळतात. मी म्हणून पुढं ओढता येणारं स्टँड घेतलं, मागं सगळ्या वायरींना वीतभर ढील ठेवली, आणि पॉवरची कॉर्ड पट्टीतून खाली आणून पिन हाताला येईल अशी बाजूला काढली. तेवढी एक पट्टी दिसते, दिसू दे.

धाराशिव, खेडेगाव
माळवदाचं घर, पांढऱ्या मातीची दोन फुटी भिंत. स्क्रूसाठी ठोकायची प्लास्टिकची गिट्टी धरतच नाही, ड्रिल लावलं की नुसती माती गळते. सुताराकडून फळी करून ती लाकडी खांबाला आवळली, टीव्ही फळीवर, आणि सगळ्या वायरी फळीमागून खालच्या जुन्या देवळीत. देवळीत सेटटॉप बॉक्स, पुढं पडदा. पाल राहते तिथं, आम्ही काही बोलत नाही तिला.

बीड
प्लायवुडचं बंद युनिट करणाऱ्यांनो, एक्स्टेन्शन बोर्ड आत कोंबू नका. आपला 42 डिग्रीचा उन्हाळा, वरून आत ॲडॉप्टर गरम, हवा कुठून जाणार? मागं जाळी ठेवा, आणि जाळी बारीकच घ्या नाहीतर उंदीर आत संसार थाटतात.

हिंगोली
वायफायची फायबरची वायर पट्टीच्या कोपऱ्यात काटकोनात दाबू नका. आत काच असते तिच्यात. आमच्याकडं जोडणाऱ्या पोरानं तशीच दाबली, डब्यावर लाल लाईट लुकलुकायला लागली आणि नेट गायब. आता कोपऱ्यात पट्टी सोडून तेवढा गोल वळसा उघडाच आहे.

जालना
हे सगळं वाचून मिस्त्रीला फोन लावला. 40 चा पाईप म्हणलं तर हसला, म्हणे महालक्ष्म्या उठल्यावर बघू.