सल्ला हवा: रुग्णसाहित्य केंद्रासाठी खासगी फाउंडेशनकडे अर्ज कसा करावा?

ओसरी
नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आम्ही काही जण रुग्णसाहित्य केंद्र चालवतो. फाउलर बेड, व्हीलचेअर, वॉकर, एअर बेड, कमोड खुर्ची वगैरे अनामत घेऊन देतो, वस्तू परत आली की अनामत परत. भाडं नाही. जागा वाचनालयाची. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे, 80जी (देणगीदाराला आयकरात सवलत देणारी नोंदणी) आहे, ऑडिट वेळेवर होतं. आजवर गावातल्या देणग्यांवर भागलं. आता आजूबाजूच्या खेड्यांतूनही लोक येतात, बेड पुरत नाहीत, आणि ने-आण करायला दर वेळी टेम्पोवाल्याच्या मिनतवाऱ्या. कोविडमध्ये मिळालेले ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर दुरुस्तीअभावी पडून आहेत.

टाटा ट्रस्ट्स किंवा अझीम प्रेमजी फाउंडेशनला लिहावं असं आमच्या एका सदस्याचं म्हणणं. एक गृहस्थ प्रस्ताव लिहून द्यायला तयार आहेत, पण मंजूर रकमेच्या दहा टक्के मागतात. अनुभवी लोकांनी सांगावं.

हिशोबनीस
दहा टक्केवाल्यांना आधी नारळ द्या. ती रक्कम हिशोबात दाखवणार कुठे? लिहून घ्यायचंच असेल तर ठरावीक फी द्या, आणि तीही संस्थेच्या पैशातून.

मग कागद. 12ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी देणारी नोंदणी) आणि 80जीची मुदत तपासा. 2021 नंतर कायमची नोंदणी हा प्रकार राहिलेला नाही, नूतनीकरण करावं लागतं. 1 एप्रिल 2026 पासून नव्या आयकर कायद्यात कलमांचे नंबर बदललेत, लोकांच्या तोंडी मात्र जुनेच आहेत, तेव्हा गोंधळू नका. स्वयंसेवी संस्थांची नोंद होते त्या नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक घ्या. कंपनीचा सीएसआर, म्हणजे नफ्यातून समाजकामावर कायद्याने करायचा खर्च, हवा असेल तर सीएसआर-1 फॉर्म लागतो, 1 एप्रिल 2021 पासून सक्तीचा आहे. शिवाय किमान तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं.

पण खरी गाडी अडते ती शेड्यूल वनच्या उताऱ्यावर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नोंदीवर. विश्वस्त वारले, नवे आले, चेंज रिपोर्ट (बदल कळवणारा अर्ज) कुणी दिलाच नाही. उताऱ्यावर कैलासवासी अध्यक्ष आणि अर्जावर सही दुसऱ्याचीच! आजच उतारा काढून बघा. नाव बदलायचं राहिलं असेल तर निदान दाखल केलेल्या चेंज रिपोर्टची पोच तरी हाताशी हवी.

कागदोपत्री
काही वर्षं एका फाउंडेशनमध्ये आलेले अर्ज चाळायचं काम केलंय, त्यामुळे जरा लांबण लावते.

ओसरी, मोठ्या फाउंडेशनांचे विषय ठरलेले असतात आणि ते त्यांच्या वेबसाइटवर लिहिलेले असतात. तुमचं काम त्यात बसत असेल तर जरूर लिहा, पण सुरुवात तिथून नको. दोन-चार लाखांचा अर्ज तपासायला जवळपास पन्नास लाखांच्या अर्जाइतकाच खटाटोप लागतो, म्हणून छोटी रक्कम तिथे मागे पडते.

तुमच्या जवळच्या एमआयडीसीत बघा. निव्वळ नफा 5 कोटींच्या वर गेला की कंपनीला सीएसआर लागू होतो, आणि कायद्यातच म्हटलंय की कंपनीने आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं. ज्यांची सीएसआरची रक्कम 50 लाखांच्या आत आहे त्यांना वेगळी समिती नेमावी लागत नाही, संचालक मंडळच ठरवतं. म्हणजे तुम्हाला मोजक्या माणसांना पटवायचंय. आरोग्य आणि ज्येष्ठांसाठीच्या सोयी हे दोन्ही कंपनी कायद्याच्या परिशिष्ट सातमध्ये, म्हणजे सीएसआरमध्ये चालणाऱ्या कामांच्या यादीत आहेत. वर्ष 31 मार्चला संपतं, त्यामुळे जानेवारीनंतर काही कंपन्यांची पैसे खर्च करायची धावपळ चालते. तेव्हा तयार फाइल घेऊन जाणारा पुढे असतो.

आता प्रस्ताव. "समाजातील वंचित घटकांच्या सर्वांगीण उन्नतीसाठी" अशी सुरुवात दिसली की मी सरळ बजेटच्या पानावर जायचे. तुमच्याकडे देवघेवीचं रजिस्टर असणारच. कोणती वस्तू, कुठल्या गावाला, किती दिवस, परत आली तेव्हा कशी होती, एवढं वर्षाचं एका पानावर काढा. रुग्णांची नावं गाळा. आणि अजून एक रकाना सुरू करा: बेड मागायला आले आणि शिल्लक नव्हता म्हणून परत गेले, ते किती? ही नोंद फार थोड्या संस्था ठेवतात. आणखी बेड कशाला, याचं उत्तर तिथेच मिळतं.

नुसते बेड मागू नका. एअर बेडचे पंप बिघडतात, गाद्या खराब होतात, ने-आणीला पैसे लागतात. हे सगळं बजेटमध्ये धरा आणि प्रत्येक मोठ्या वस्तूची तीन दरपत्रकं जोडा. बंद कॉन्सन्ट्रेटर लपवू नका, पाहणीला येणाऱ्याला ते कोपऱ्यात दिसणारच. त्यांच्या दुरुस्तीचा खर्च मागा. नवी यंत्रं घेण्याआधी जुनी चालू करणारे लोक देणाऱ्याला आवडतात.

जर्सीकर
इकडून एक भर. अमेरिकेतल्या महाराष्ट्र फाउंडेशनसारख्या संस्थांकडून मदत घ्यायची तर एफसीआरए (विदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी लागते. त्यासाठी संस्था तीन वर्षं जुनी आणि त्या काळात मूळ कामावर 15 लाख खर्च झालेला हवा, शिवाय खातं दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत. तुमच्या आकाराच्या केंद्राने इतक्यात त्या वाटेला जाऊ नये असं मला वाटतं. गावचा कुणी परदेशात आहे आणि पासपोर्ट अजून भारतीय आहे, तर त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी धरत नाहीत. ओसीआय कार्डवाल्याची (मूळ भारतीय, पण नागरिकत्व परदेशी) मात्र धरतात. म्हणून आधी पासपोर्ट विचारा, मग खाते क्रमांक द्या.

मास्तर
लोकसत्ताचा "सर्वकार्येषु सर्वदा" उपक्रम बघा. गणेशोत्सवात दहा संस्थांची ओळख छापतात, वाचक धनादेश पाठवतात. अनुदान नव्हे, पण फाइलला जोडायला कात्रण चांगलं.

ओसरी
सगळ्यांचे आभार. कागदोपत्री ताई, एक राहिलं. नोंदी ठेवायला अर्धवेळ मुलगी ठेवायचीय, तिचा पगार मागता येतो का? आमचे खजिनदार म्हणतात, सीएसआरमध्ये प्रशासकीय खर्च पाच टक्केच चालतो.

कागदोपत्री
ते पाच टक्के कंपनीने स्वतःचा सीएसआर विभाग चालवायला करायच्या खर्चाचे. केंद्रात बसून वस्तू देणाऱ्या-घेणाऱ्या मुलीचा पगार हा प्रकल्पाचाच खर्च. फक्त "प्रशासकीय" या शीर्षाखाली टाकू नका. "साहित्य वाटप व नोंदणी सहायक" असं लिहा, कामाचे तास लिहा आणि नेमणुकीचं पत्र द्या. पगार बँकेतूनच, रोखीने नको. वर्षानंतर तो कुठून देणार हे कंपनी नक्की विचारेल, तेव्हा गावातून वर्षाला किती देणग्या येतात तो आकडा हाताशी ठेवा.