चालणं चांगलंच, पण पायांत जोरही हवा

काका, "रोज कमाटीबागेत फेऱ्या होतात, साठीनंतर आणखी काय हवं?" असं तुम्ही वर विचारलंय. फेऱ्या सोडू नकाच, पण तेवढ्यावर भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत पासष्टीपुढच्यांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांची मध्यम हालचाल आहेच, शिवाय तोल आणि ताकदीचे व्यायाम तीनदा तरी करा म्हटलंय.

आमच्या दांडिया बाजारातल्या सासूबाई कुकर लावला की ओट्याला बोटं टेकवून एका पायावर उभ्या राहतात, शिटी झाली की पाय बदलायचा. मग हात न टेकता खुर्चीवरून ऊठबस. आधी कुरकुर फार होती. आता न्हाणीघरात नळ धरून उठावं लागत नाही, हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटतात (जरा हळू सांगितलं तरी चालेल!).

डोक्याचं म्हणाल तर २०११ साली अमेरिकेत १२० ज्येष्ठांवर झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षभर नेमाने चालणाऱ्यांच्या मेंदूतला स्मरणशक्तीशी निगडित भाग, हिप्पोकॅम्पस, सुमारे २ टक्क्यांनी वाढला. नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांचा थोडा घटला. तेव्हा बाकावरच्या गप्पा फेऱ्या झाल्यावरच.

रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर मात्र झटकन उठू नका, चक्कर येऊ शकते.