करुणा दाखवताना आपण आधी काय विचारतो? तुमचे अनुभव लिहा

ओंजळ
मंडळीच्या (चर्चच्या) गटावर काल एका अपघाताची चित्रफीत फिरली आणि तिच्याखाली, जखमी तरुण प्यायलेला होता की नव्हता, याचीच चर्चा रंगली. ती वाचताना वडिलांचे शेवटचे आजारपण आठवले. दारूने त्यांचे यकृत निकामी झाले होते. भेटायला येणारे बहुतेक जण आम्हाला आजाराचे कारण सुनावून जात. पाळकबाई मात्र आधी त्यांचे सुकलेले ओठ ओल्या कापसाने पुसत आणि मगच प्रार्थना करत. बायबलमध्ये लूक 10 मधील दृष्टांतातला शोमरोनी, म्हणजे यहुदी ज्यांना परके मानत त्या समाजाचा माणूस, हाही वाटेत लुटलेल्या घायाळ माणसाची चौकशी करत बसत नाही. तो जखमांवर तेल व द्राक्षारस ओततो, त्याला उतारशाळेत नेतो आणि दोन दिनार, म्हणजे दोन दिवसांची मजुरी, रखवालदाराच्या हाती ठेवतो.

रातपाळी
अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा हेच माझे काम. ब्रिटिश डॉक्टर सिसिली सॉन्डर्स यांनी 1967 मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणासन्न रुग्णांच्या सेवेचे केंद्र, सुरू केले. मरणाऱ्याची वेदना शरीराइतकीच मनाची, नात्यांची आणि आत्म्याचीही असते, हे त्यांचे म्हणणे, अपरात्री एखादा रुग्ण "देव मला माफ करील का?" असे विचारतो तेव्हा पुरेपूर पटते. अशा वेळी खुर्ची ओढून शेजारी बसावे लागते.

पाऊलवाट
नवऱ्याची मारहाण सोसत असताना मत्तय 18 मधील 'साताच्या सत्तर वेळा' क्षमा करण्याचे वचन मला वारंवार ऐकवले गेले. अपराध करणाऱ्याला त्याचा दोष दाखवावा, न ऐकल्यास साक्षीदार न्यावेत आणि तरीही न ऐकल्यास मंडळीला कळवावे, हे त्याच अध्यायात आधी येते. ते मला कोणी वाचून दाखवले नाही. मी घर सोडले. क्षमा करण्याचा प्रयत्न आजही चालू आहे, परंतु परत जाणार नाही.

रातपाळी
पाऊलवाट, ताई, तुम्ही योग्यच केलेत. तुमच्यासाठी प्रार्थना करते.

सांजवात
आमच्या तरुण संघात एका मुलीचे खासगी छायाचित्र पसरले, तेव्हा तिलाच काही काळ उपासनेला येऊ नकोस असे सांगावे, अशी सूचना आली. योहान 8 मध्ये व्यभिचारात धरलेल्या स्त्रीला येशूपुढे आणतात, तेव्हा तो तिच्याशी नंतर बोलतो. आधी तिला धोंडमार करायला निघालेल्यांशी बोलतो. म्हणून आम्ही प्रथम छायाचित्र पुढे पाठवणाऱ्या मुलांच्या घरी गेलो. त्यांतील काहींना आता तिची माफी मागायची आहे. तिची अजून तयारी नाही, आणि तिला कोणी घाई करू नये, असे मला मनापासून वाटते.