वीपमध्ये नाशिक-नगरची धरणं आपोआप जायकवाडीत रिकामी होतायत. प्रायॉरिटी कशी द्यायची?

गोदा_एमटेक

नमस्कार. प्रबंधासाठी पैठणपर्यंतच्या ऊर्ध्व गोदावरी खोऱ्याचं मॉडेल वीपमध्ये (पाणीवाटपाचं सॉफ्टवेअर) करतेय, मासिक टप्प्याने. वर गंगापूर, दारणा, पालखेड, मुळा आणि प्रवरा (भंडारदरा-निळवंडे) हे गट, खाली जायकवाडी. आवक बरी जुळलीय, साठे मात्र अजिबात जुळत नाहीत. तुटीच्या वर्षी सप्टेंबरअखेर मुळा प्रत्यक्षात बऱ्यापैकी भरलेलं होतं, मॉडेलमध्ये ते अर्ध्यावर अडकतं. जायकवाडीही अर्ध्यावर, भंडारदराही अर्ध्यावर. सगळ्यांनी ठरवून एकच टक्केवारी धरलीय असं वाटतं! फिलिंग प्रायॉरिटी (धरण भरण्याचा अग्रक्रम) सगळीकडे मूळची ९९ आहे. पिण्याचं पाणी १, सिंचन २. जायकवाडीची क्षमता २१७१ दशलक्ष घनमीटर (दलघमी) टाकलीय. चूक कुठे शोधू?

कोड_आणि_कालवा

वीप सोडा, रेससिम हे धरण चालवण्याचं सॉफ्टवेअर घ्या. तेही फुकट आहे. प्रत्येक धरणाला स्वतःचे नियम लिहायचे, वरचं धरण खालच्याकडे बघतच नाही.

निवृत्त_पाटकरी

रेससिम पूर आणि दरवाज्यांच्या कामाला उत्तम. इथे प्रश्न वाटपाचा आहे, वीपच राहू द्या.

ताई, मॉडेलमध्ये बिघाड नाही. त्याने तुम्हाला न विचारता समन्यायी पाणीवाटप करून टाकलंय, एवढंच. त्यासाठी आपल्याकडे २००५चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायदा, मेंढेगिरी समितीचा अहवाल, प्राधिकरणाचा २०१४चा आदेश आणि उच्च न्यायालयाचा २०१६चा निकाल लागला. वीप तेच काम ९९ या एका आकड्यावर करतं. (हे नाशिककरांना सांगू नका.)

वीपच्या लेखी धरण भरणं हीसुद्धा एक मागणीच. १ नंबरची मागणी आधी, ९९ची शेवटी. एकाच नंबरची अनेक धरणं असली, की ती सारख्या टक्क्याला आणायचा त्याचा प्रयत्न असतो. मग खालचं धरण रिकामं असेल तर वरच्यातून पाणी सोडायला ते कचरत नाही. प्रत्यक्षात पाऊस घाटमाथ्यावर पडतो, पाणी आधी वरच्या धरणात अडतं, तिथले कालवे चालतात आणि उरलेलं खाली पैठणला पोचतं.

म्हणून नंबर नदीच्या क्रमाने द्या. वरच्या भागातलं पिण्याचं पाणी १, वरचं सिंचन ३, वरची धरणं भरणं ४. त्यानंतर जायकवाडीवरचं पिण्याचं पाणी ५, त्याचं सिंचन ६ आणि जायकवाडी भरणं ७. संभाजीनगरच्या नळाला ५ नंबर देताना हात जड होईल, पण तिथे १ ठेवलात तर जायकवाडी तळाला गेल्यावर मॉडेल थेट भंडारदऱ्यातून पाणी ओढेल, कोणाच्याही आदेशाशिवाय.

२ मुद्दाम मोकळा ठेवलाय, तो आदेशाने सोडायच्या पाण्यासाठी. १५ ऑक्टोबरला, खरिपाचा वापर धरून, जायकवाडी ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडायचं, हा २०१४च्या आदेशातला नियम तुम्हाला माहीत असेलच. प्रत्येक गटाच्या धरणाखाली नदीवर एक किमान प्रवाहाची मागणी टाका आणि तिला २ द्या. जायकवाडीचा आधीच्या महिन्याचा साठा वीपच्या ‘प्रेव्हटीएसव्हॅल्यू’ या फंक्शनने वाचून अट लिहा. चालू महिन्याचा साठा तुम्हाला वाचता येणार नाही, आणि मासिक टप्प्यात १५ तारीख असतच नाही. सप्टेंबरअखेरचा साठा धरलात तरी चालेल.

२०२३चं उदाहरण घ्या. मुळा २.१०, प्रवरा ३.३६, गंगापूर ०.५ आणि दारणा २.६४३, मिळून ८.६०३ टीएमसीचा आदेश ऑक्टोबरअखेर निघाला. पाणी सुटलं नोव्हेंबरच्या शेवटी, कोर्टकज्जे झाल्यावर. म्हणजे मॉडेलमध्ये ते डिसेंबरात टाका. मुळेचे २.१० टीएमसी म्हणजे ५९.५ दलघमी, ३१ दिवसांवर पसरले की सेकंदाला साधारण २२ घनमीटर. वाटेत नदीच्या टप्प्यांवर गळतीचे टक्के भरायला विसरू नका. पाणी सोडण्याआधी कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या फळ्या काढतात, नदीकाठच्या पंपांची वीज तोडतात, तरीही सोडलेलं सगळं पाणी पैठणला पोचत नाही. धरणाखाली मोजलेलं आणि नाथसागरात (जायकवाडीच्या जलाशयात) आलेलं, हे दोन आकडे वेगळे ठेवा.

आणखी एक. २१७१ हा जायकवाडीचा उपयुक्त साठा. वीपला एकूण क्षमता लागते, २९०९. मृतसाठा ७३८ ‘टॉप ऑफ इनअ‍ॅक्टिव्ह’मध्ये टाका आणि सुरुवातीचा साठाही मृतसाठा धरूनच द्या. रोजच्या पाणीसाठा अहवालातली टक्केवारी उपयुक्त साठ्याची असते, ती तशीच उचलून टाकली तर सगळं वर्ष बिघडतं.

गोदा_एमटेक

काका, खूप आभार! नंबर बदलल्याबरोबर मुळा आणि भंडारदरा जागेवर आले. २९०९ पण केलं. जायकवाडी फेब्रुवारीपर्यंत ठीक चालतं, मेमध्ये मात्र प्रत्यक्षापेक्षा बरंच जास्त पाणी दाखवतंय. आवर्तनं तर कालवा सल्लागार समितीच्या निर्णयाप्रमाणेच टाकलीत. बफर कोइफिशंट (साठा खाली गेल्यावर त्यातला किती भाग सोडायचा तो आकडा) कमी करून बघू का?

निवृत्त_पाटकरी

बफरला हात लावू नका. तो कमी केलात तर सोडायचं पाणी घटेल आणि मेमधला साठा आणखी वाढेल. क्षमता-उंची वक्र (कोणत्या पातळीला किती पाणी) भरलाय का? तो नसेल तर बाष्पीभवनाचे मिलिमीटर नुसते लिहून उपयोग नाही, वीपला पाणपसाराच कळत नाही. नाथसागर पसरट आहे, पूर्ण भरल्यावर साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास. उन्हाळ्यात पसारा २०० चौरस किलोमीटर आणि दिवसाला ८ मिमी धरा: रोजचे १.६ दलघमी उडाले, महिन्याला ४८. भंडारदऱ्यासारख्या डोंगरातल्या खोल धरणात हे जाणवत नाही, पैठणला जाणवतं. पावसाळ्यात तोच आकडा उणे येऊ शकतो, कारण वीप बाष्पीभवनातून पाऊस वजा करून मागतं. घाबरू नका.

वक्र घेताना सर्वेक्षणाचं साल बघून घ्या. गाळ बसण्याआधीचा वक्र टाकलात तर मेचा घोळ पुन्हा तसाच राहील. आणि दुष्काळी वर्षी मृतसाठ्यातूनही उपसा होतो, वीप तो होऊ देणार नाही. तेवढ्या वर्षांपुरता ७३८चा आकडा खाली आणावा लागेल.

कोड_आणि_कालवा

काका, पालखेड गटाचं काय? २०२३च्या आदेशात त्याचं नावच दिसत नाही.

निवृत्त_पाटकरी

म्हणून तिथे त्या वर्षी शून्य टाकायचं. मागणीचा नोड मात्र ठेवा, दुसऱ्या वर्षी लागेल.